फ्लेक्स प्लेट बदलताना बोल्ट कोणते घ्यायचे?

प्रश्न असा आहे: ऑटोमॅटिक गाडीची फ्लेक्स प्लेट (क्रँकशाफ्टला टॉर्क कन्व्हर्टरशी, म्हणजे तेलातून गिअरबॉक्सला ताकद देणाऱ्या भागाशी, जोडणारा पातळ गोल पत्रा) क्रँकच्या बोल्टांभोवती तडकली आहे. गिअरबॉक्स उतरवून झाला, नवी प्लेट आली, पण तिच्यासोबत बोल्ट आले नाहीत. आता जुनेच लावायचे, त्याच इंजिनाच्या मॅन्युअल गाडीचे फ्लायव्हील बोल्ट घ्यायचे, की नट-बोल्टाच्या दुकानातून १२.९ ग्रेडचे उचलायचे?

थोडक्यात सांगायचं तर क्रँकचे बोल्ट नवे घ्या आणि तुमच्या चॅसिस नंबरला ऑटोमॅटिकसाठी जे दिलेत तेच घ्या. मॅन्युअलचे चालणार नाहीत, १२.९ ची गरज नाही. कन्व्हर्टरचे जुने बोल्ट आटे शाबूत असतील तर साफ करून परत लावता येतात. का, ते नीट समजून घेतलं तर कंपनीचा बोल्ट मिळत नसतानाही निर्णय चुकणार नाही.

एक खात्री मात्र आधी करून घ्या. एएमटी (आपोआप गिअर बदलणारा मॅन्युअल गिअरबॉक्स) गाडीत साधा क्लच आणि फ्लायव्हील असतं, डीएसजीसारख्या ड्युअल क्लच गिअरबॉक्समध्ये बहुतेक वेळा ड्युअल मास फ्लायव्हील असतं. फ्लेक्स प्लेट फक्त टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गिअरबॉक्सला असते; होंडा सिटीच्या अलीकडच्या सीव्हीटीतही कन्व्हर्टर आहे, म्हणून तिथेही ती सापडेल. टोयोटा, होंडाच्या पार्ट्स काउंटरवर ‘ड्राइव्ह प्लेट’ म्हणून मागा, नाहीतर फ्लायव्हीलचं पान उघडतील आणि बोल्टही त्याच पानावरचे देतील.

प्लेटवर बोल्टांचे दोन गट असतात आणि दोघांचं काम वेगळं आहे. मधले सहा किंवा आठ बोल्ट प्लेट क्रँकला धरतात. बाहेरचे तीन, चार, सहा किंवा आठ बोल्ट प्लेट कन्व्हर्टरला धरतात. काही फोर्ड गाड्यांत बाहेर बोल्ट नसून कन्व्हर्टरलाच स्टड असतात आणि प्लेटच्या इंजिनाकडच्या बाजूने नट लागतात. दोन्ही गटांची लांबी, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) आणि टॉर्क (आवळण्याचा जोर) यांचा एकमेकांशी संबंध नाही. होंडाच्या बऱ्याच चार सिलिंडर इंजिनांत क्रँकचे बोल्ट एम१२ × १.० (१२ मिमी व्यास, १ मिमी पिच) असतात आणि ७४ न्यूटन मीटरला आवळतात. त्याच प्लेटवर कन्व्हर्टरचे बोल्ट एम६ असतात आणि त्यांना फक्त १२ न्यूटन मीटर पुरतात. त्या एम६ ला इम्पॅक्ट गन लावली की बोल्टाचं डोकं हातात येतं आणि उरलेला तुकडा कन्व्हर्टरच्या नटात अडकून बसतो.

आता मॅन्युअलच्या बोल्टांबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. फ्लायव्हीलचा मधला भाग जाड असतो, दहा-बारा मिमी किंवा जास्त. फ्लेक्स प्लेट म्हणजे तीनेक मिमीचा पत्रा. क्रँक तोच, आटे तेच, पण बोल्ट लांब. जुन्या शेवरोले स्मॉल ब्लॉक व्ही८ इंजिनासाठी मिळणाऱ्या ७/१६-२० च्या (७/१६ इंच व्यास, इंचाला २० आटे) सेटमध्ये फ्लेक्स प्लेटच्या बोल्टाची डोक्याखालची लांबी सुमारे ०.६८ इंच असते, फ्लायव्हीलच्या बोल्टाची सुमारे १ इंच. म्हणजे आठ मिमीचा फरक. लांब बोल्ट बंद भोकात गेला की तळाला टेकतो. टॉर्क रेंच ‘क्लिक’ वाजवतो, मिस्त्री समाधानी होतो, पण तो सगळा जोर बोल्टाच्या टोकावर गेलेला असतो आणि प्लेट मोकळीच असते. भोक आरपार असेल तर टोक क्रँकच्या फ्लँजबाहेर निघून मागच्या सीलच्या हाउसिंगला किंवा ब्लॉकला घासू शकतं.

लांबीसोबत डोक्याची उंचीही बघा. फ्लेक्स प्लेटच्या बोल्टाचं डोकं मुद्दाम पातळ ठेवलेलं असतं, कारण समोर कन्व्हर्टरचा चेहरा अगदी जवळ येतो. दुकानातला १२.९ चा एलन बोल्ट घेतला तर त्याचं डोकं बोल्टाच्या व्यासाइतकं उंच असतं. एम१२ ला १२ मिमी. कन्व्हर्टर त्यावर टेकला की बेल हाउसिंग पूर्ण बसत नाही, आणि बसवण्याच्या नादात गिअरबॉक्सचा ऑइल पंप जातो.

लांबी मोजायची पद्धत सोपी आहे, पण भोक आधी स्वच्छ हवं. तळाला जुनं लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा द्रव, थ्रेडलॉकर) आणि तेल साचलेलं असतं. ब्रेक क्लीनर मारा आणि हवा मारताना डोळ्यांवर चष्मा ठेवा. आटे साफ करायला कापणारा टॅप फिरवू नका, तो क्रँकचं धातू खातो. जुना त्याच मापाचा बोल्ट घेऊन हॅकसॉने त्याला दोन उभे काप द्या आणि तो हाताने आत-बाहेर फिरवा. घाण कापांत गोळा होते. मग व्हर्निअरच्या मागच्या पट्टीने खोली मोजा. समजा खोली १९ मिमी आली, प्लेट ३ मिमी आहे आणि डोक्याखाली येणारी जाड रिंग २.५ मिमी. मध्ये अडकणारी जाडी झाली ५.५. बोल्ट एम११ असेल तर आट्यांत निदान व्यासाइतका, म्हणजे ११ मिमी जायला हवा, म्हणून किमान लांबी १६.५. तळाशी २ मिमी मोकळं सोडायचं, म्हणून कमाल लांबी २२.५. या दोहोंच्या मधला २० मिमीचा बोल्ट बरोबर. २८ मिमीचा फ्लायव्हील बोल्ट इथे तळाला टेकणारच. भोकाच्या तळाला आटे संपून ड्रिलचा निमुळता भाग असतो, तेव्हा बोल्ट हाताने किती आत जातो तेही बघा आणि दोन मापांतलं कमी माप धरा.

डोक्याखालची रिंग विसरणं ही फार कॉमन चूक. बऱ्याच टोयोटा इंजिनांत प्लेटच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन स्पेसर असतात. जुनी प्लेट उतरवताना ते क्रँकला चिकटून राहतात, किंवा जुन्या प्लेटसोबत भंगारात जातात. एक स्पेसर राहून गेला तर तोच बरोबर बोल्ट तेवढ्या मिमीने लांब ठरतो. म्हणून उतरवतानाच क्रम आणि तोंड दाखवणारा फोटो काढा. फोक्सवॅगनच्या काही ऑटोमॅटिकमध्ये प्लेटखाली शिम (अंतर भरणारी पातळ चकती) असते आणि प्लेट बसवल्यावर भोकातून ठरावीक अंतर मोजून शिमची जाडी ठरवतात. तिथे जुनी शिम डोळे मिटून परत लावली तर कन्व्हर्टरचं अंतरही बिघडतं.

पिच ओळखायला पिच गेज वापरा, अंदाज नको. एम१० मध्ये १.५ आणि १.२५ दोन्ही सर्रास मिळतात, एम१२ मध्ये १.०, १.२५, १.५ आणि १.७५. चुकीच्या पिचचा बोल्टही दोन-तीन आटे गुमान आत जातो आणि मग जड होतो. ‘आटे खराब असतील’ म्हणून गन लावली की क्रँकचे आटे गेलेच. सगळे बोल्ट शेवटपर्यंत बोटांनी फिरायला हवेत. पाना फक्त आवळायला.

अमेरिकेतल्या शेवरोलेवर काम करणाऱ्यांना यात आणखी एक सापळा आहे. जुन्या स्मॉल ब्लॉकचे क्रँक बोल्ट ७/१६-२०, नंतरच्या पिढीच्या एलएस इंजिनाचे एम११ × १.५. व्यास ११.११ आणि ११ मिमी, नजरेला एकच. कन्व्हर्टरच्या बाजूला जुने ३/८-२४ आणि नंतरचे एम१० × १.५. शिवाय स्मॉल ब्लॉकच्या क्रँकवरचं बोल्टांचं वर्तुळ १९८५ पर्यंत ३.५८ इंच आणि १९८६ पासून, एकसंध मागचं सील आल्यावर, ३ इंच झालं. नव्याच्या प्लेटवर बॅलन्सचं वजनही असतं. एलएसला जुना टीएच४०० सारखा गिअरबॉक्स लावताना क्रँक आणि प्लेट यांच्या मध्ये सुमारे १० मिमीचा स्पेसर येतो आणि बोल्ट त्या प्रमाणात लांब घ्यावे लागतात. इथे मूळ आखूड बोल्ट वापरले तर दोन-चार आट्यांवर सगळं लटकतं. बरेच जण स्पेसर मागवतात आणि बोल्ट विसरतात.

ग्रेडकडे येऊ. ८.८ ची ताण सहन करायची हद्द ६४० मेगापास्कल, १०.९ ची ९००, १२.९ ची १०८०. एलएसचे क्रँक बोल्ट १०० न्यूटन मीटरला आवळतात, तीन टप्प्यांत: २०, ५०, १००. कोरड्या आट्यांना टॉर्कचा गुणांक (के फॅक्टर, ज्यात घर्षण धरलेलं असतं) ०.२ धरला तर एका बोल्टाची पकड होते १०० भागिले ०.२ गुणिले ०.०११, म्हणजे सुमारे ४५ किलोन्यूटन. एम११ × १.५ चं ताणाचं क्षेत्रफळ ७२ चौरस मिमी. ताण आला साधारण ६३० मेगापास्कल. ८.८ चा बोल्ट इथे कडेलोटावर उभा आहे. आट्यांना तेल लागलं असेल आणि गुणांक ०.१५ झाला तर तोच १०० न्यूटन मीटर ताण ८४० पर्यंत नेतो, तिथे ८.८ कायमचा लांबतो आणि १०.९ टिकतो. म्हणून ८.८ नको. मॅन्युअलमध्ये आटे कोरडे म्हटलेत, तेल लावलेले म्हटलेत की लॉकटाइट लावलेले, हे वाचल्याशिवाय टॉर्कचा आकडा अर्धवटच आहे.

मग १२.९ का नको? इंजिनाची ताकद प्लेटपर्यंत बोल्टाच्या छेदावरून जात नाही, क्रँक आणि प्लेट एकमेकांवर दाबल्यामुळे तयार होणाऱ्या घर्षणातून जाते. पकड ठरते टॉर्कने, आणि टॉर्क तोच ठेवल्यावर १२.९ जास्त पकड देत नाही. तो कडक, ठिसूळपणाकडे झुकणारा असतो. त्यात वर पांढरं झिंक प्लेटिंग केलेलं असेल तर हायड्रोजन शिरून आवळल्यावर काही तासांनी डोकं उडू शकतं. नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला डोक्यावर १२.९ छापलेला बोल्ट सहज मिळेल, पण छापा म्हणजे पुरावा नव्हे. स्टेनलेसचा तर विचारच नको; ए२-७० ची हद्द ४५० मेगापास्कल आहे, म्हणजे ८.८ पेक्षाही कमी.

जुने क्रँक बोल्ट परत वापरायचे का? मॅन्युअलमध्ये टॉर्कच्या पुढे अंश लिहिले असतील, जसे फोक्सवॅगनच्या अनेक इंजिनांत ६० न्यूटन मीटर आणि त्यापुढे ९० अंश, तर तो बोल्ट एकदाच ताणायचा असतो. परत वापरायचाच नाही. साधा टॉर्क असेल तर तत्त्वतः चालतो, पण तुमच्या बाबतीत प्लेट तडकलेली आहे. तडकलेली प्लेट प्रत्येक फेऱ्याला बोल्ट वाकवत असते, आणि त्या थकव्याची रेघ डोक्याखालच्या गोलाईत लपलेली असते. डोळ्याला दिसेलच असं नाही. गिअरबॉक्स परत उतरवायच्या मजुरीपुढे सहा बोल्टांचे पैसे किरकोळ आहेत. या बाबतीत काटकसर करायला माझा ठाम विरोध आहे.

प्लेट बसवताना एक बारीक गोष्ट सगळ्यांत जास्त दुर्लक्षित राहते. प्लेट पातळ, त्यामुळे बोल्टाचा ताणला जाणारा भागही आखूड. वरच्या हिशेबात ६३० मेगापास्कलला एम११ चा बोल्ट जेमतेम दोन-तीन शतांश मिमी लांबतो. सगळी पकड त्या एवढ्याशा ताणावर उभी असते. आता प्लेटच्या मधल्या भागावर, डोक्याखाली, रंगाचा थर राहिला, क्रँकच्या फ्लँजवर गंजाचा पापुद्रा किंवा भोकाच्या काठावर बर (धातूची उरलेली धारदार कड) राहिला, तर इंजिन तापल्यावर तो दबतो आणि तेवढीच शतांश मिमी निघून जाते. बोल्ट फिरलेला नसतो, तरी ढिला झालेला असतो. म्हणून फ्लँज आणि प्लेटचा मधला भाग दोन्ही बाजूंनी धातूपर्यंत साफ करा, नख फिरवून काठ बघा. स्प्रिंग वॉशर घालू नका. तो इथे पकड टिकवत नाही, उलट लांबीचा हिशेब बिघडवतो. नव्या प्लेटला मधल्या भागात पावडर कोटिंग असेल तर तेवढं काढूनच टाका.

क्रँकची भोकं आरपार आहेत का तेही पाहा. एलएसमध्ये आहेत, आट्यांतून इंजिन ऑइल झिरपून प्लेटवर येतं आणि लोक मागचं सील बदलत बसतात. बारीक तार भोकातून क्रँककेसमध्ये जात असेल तर आट्यांना सीलंट किंवा तेलाला टिकणारं मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर, निळं लॉकटाइट २४३ सारखं, लावावंच लागतं. बऱ्याच नव्या बोल्टांना रंगीत थर आधीच लावलेला येतो. त्यावर आणखी लॉकटाइट नको. बंद भोकात लॉकटाइट बोल्टाला थोडंच लावा. भोक भरून ओतलं तर तळाशी द्रव अडकतो आणि तळाला टेकलेल्या बोल्टासारखाच खोटा टॉर्क दाखवतो.

क्रँकवर साधारणपणे एक भोक मुद्दाम सरकवलेलं असतं, म्हणजे प्लेट एकाच स्थितीत बसावी. पाच बोल्ट जुळतात आणि सहावा नाही, तर प्लेट फिरवून बघा. भोक ड्रिलने मोठं करू नका. बॅलन्सचं वजन प्लेटवर असेल तर ती चूक गाडीभर थरथरते. आवळताना समोरासमोरचे बोल्ट घेत तीन टप्पे करा आणि क्रँक रिंग गिअरला लॉक लावून धरा. झाल्यावर सगळ्यात पातळ फीलर गेज, ०.०५ मिमीची पट्टी, प्रत्येक डोक्याखाली सरकवून पाहा. ती शिरली तर तो बोल्ट तळाला टेकलाय. टॉर्क रेंच काहीही म्हणो. डायल गेज असेल तर रिंग गिअरजवळ प्लेटचा डगमग मोजा, अर्ध्या मिमीच्या आत असावा.

कन्व्हर्टरच्या बोल्टात लांबीची चूक वेगळ्या रीतीने महागात पडते. तिथले नट किंवा पॅड कन्व्हर्टरच्या पुढच्या झाकणावर वेल्ड केलेले असतात, आणि झाकणाच्या आतल्याच पृष्ठभागावर लॉक-अप क्लच टेकतो. बोल्ट चार मिमी लांब झाला आणि आवळला, तर झाकणाला बाहेरून खळगा आणि आतून उंचवटा पडतो. गाडी चालते, गिअर पडतात. पण हायवेवर लॉक-अप लागताना थरथर सुरू होते, काही दिवसांनी लॉक-अपच्या बिघाडाचा पी०७४१ कोड येतो आणि दोष गिअरबॉक्सवर जातो. तपासणी प्लेट न लावता करा: बोल्ट कन्व्हर्टरच्या भोकात बोटांनी फिरवा, थोडासा अडला की थांबा. डोकं आणि पॅड यांच्यातली फट प्लेटच्या जाडीपेक्षा निदान दीड-दोन मिमीने कमी असायला हवी. फट प्लेटइतकी किंवा जास्त असेल तर बोल्ट लांब आहे.

गिअरबॉक्स चढवल्यावर बेल हाउसिंग ब्लॉकला हाताच्या जोराने पूर्ण भिडलं पाहिजे, दोन्ही डॉवेल (मध्य जुळवणाऱ्या पिना) जागेवर असताना. फट उरली तर बोल्टांनी ओढू नका. कन्व्हर्टर पंपाच्या गिअरमध्ये पूर्ण गेलेला नाही. भिडल्यावर कन्व्हर्टर हाताने गोल फिरला पाहिजे आणि प्लेटपर्यंत पुढे ओढताना साधारण १/८ ते ३/१६ इंच, म्हणजे तीन ते पाच मिमी सरकला पाहिजे. जास्त सरकत असेल तर प्रत्येक पॅडवर सारख्या जाडीचा कडक वॉशर घालून अंतर भरतात. अशा वेळी बोल्टही त्या जाडीइतका लांब लागतो, हे लक्षात ठेवा. एकही बोल्ट पूर्ण न आवळता सगळे आधी हाताने लावा, क्रँक पुढच्या पुलीच्या बोल्टाने फिरवत. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत सहापैकी एक बोल्ट वेगळ्या रंगाचा असतो: तो आधी, मग बाकीचे पाच.

प्लेट मुळात का तडकली, तेही आता शोधा, नाहीतर बरोबर बोल्टांवर नवीही तडकेल. एखादा डॉवेल गायब असणं हे मोठं कारण. इंजिन आणि गिअरबॉक्सचे मध्य जुळत नाहीत आणि पत्रा दर फेऱ्याला लवतो. जुन्या प्लेटच्या भोकांभोवती तांबूस पूड असेल आणि भोकं लांबट झाली असतील तर पकड कमी होती. पूड नसून तडे बोल्टांच्या वर्तुळाबाहेर पसरले असतील तर मध्य किंवा अंतर तपासा.

आवळून झालं की प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून प्लेटवर मार्करने एक सरळ रेघ ओढा. थ्रेडलॉकर लावलेला बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर ‘एकदा चेक’ म्हणून पुन्हा आवळला तर बसलेला थर तुटतो. खालचं छोटं झाकण काढून कन्व्हर्टरच्या बोल्टांच्या रेघा बघा. त्या जुळत असतील तर पाना लावू नका. तुटलेल्या असतील तर बोल्ट काढून, साफ करून, नव्याने लावा.